पंचमीची मेंदी आणि काळा कोन

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे श्रावणात गावीच असतात, आणि नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी कोयता धरून निबर झालेल्या तळव्यांवरही मेंदी चढते. जुन्या रीतीत झुडपाची पाने ओरबाडून काताबरोबर पाट्यावर बारीक वाटतात, तो गोळा हातावर थापतात आणि मूठ कापडाने बांधून तशीच निजतात. वाळल्या पानांची वस्त्रगाळ पूड असेल, तर ती कोऱ्या चहाच्या पाण्यात लिंबू पिळून काही तास भिजवतात.

या भिजवण्याला कारण आहे. पानातील लॉसोन हे नारिंगी रंगद्रव्य, जे वाळल्या पानात साधारण १ टक्का भरते, पाणी आणि सौम्य आंबटपणा मिळाल्यावर हळूहळू मोकळे होते आणि केराटिनला, म्हणजे नखे, केस व कातडीचा वरचा मृत थर ज्याने बनतो त्या प्रथिनाला, घट्ट जोडले जाते. सकाळी लेप खरवडल्यावर दिसणारा नारिंगी रंग हवा लागून एक-दोन दिवसांत तांबूस तपकिरी होतो. तळव्यावर हा थर जाड असल्याने तेथे तो गडद उठतो, मनगटावर फिका, आणि थर झडेल तसा दोन-तीन आठवड्यांत निघून जातो.

तळपायांची आग होत असताना मेंदी लावतात, आणि ओल्या लेपातील पाणी उडून जाताना गारवा येतो हे खरेच आहे. आयुर्वेदात मदयंतिका या नावाने ही वनस्पती दाहशामक मानली आहे. लॉसोन बुरशीची वाढ रोखते असे प्रयोगशाळेत दिसले आहे, मात्र तेवढ्यावरून चिघळलेल्या भेगांत मेंदी भरणे योग्य ठरत नाही. शुद्ध पानाची ॲलर्जी क्वचितच होते. परंतु ज्यांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी या संरक्षक विकराची जन्मजात कमतरता असते, अशा तान्ह्या बाळांच्या अंगाला मेंदी चोपडल्याने रक्तपेशी फुटून जिवावर बेतलेले आहे, म्हणून हौसेखातरही बाळाला ती लावू नये.

खरी भीती आहे ती अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनाची. पानातून असा रंग निघत नाही. त्यासाठी पॅराफेनिलीनडायअमीन (पीपीडी) हे केसांच्या कलपातील रसायन मिसळलेले असते, ज्याचे प्रमाण युरोपीय संघाने केसांसाठी २ टक्क्यांवर बांधून दिले असून कातडीवर ते थेट लावण्यास परवानगीच नाही. पहिल्या वेळी बहुधा काहीच जाणवत नाही, शरीर मात्र त्या द्रव्याला ओळखून ठेवते, आणि पुढच्या वेळी नक्षीच्या रेषेरेषेवर खाज, सूज आणि पाण्याचे फोड उठतात. त्यामुळे ‘थोडी लावून बघू’ हा सावधपणा येथे कामाचा नाही. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते, आणि पंचमीला हौसेने हात रंगवलेल्या मुलीला चाळिशीत साधा कलपही सोसत नाही. फोड आल्यास त्यांवर घरगुती लेप न थापता हात भरपूर पाण्याने धुवावा आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जाताना तो उरलेला कोन वेष्टनासह बरोबर न्यावा.