घड्याळे जुळवायची कशी?

तारघरातला टेलिप्रिंटर अनेकांना आठवत असेल. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण त्या खडखडणाऱ्या यंत्राने सोडवलेला प्रश्न आजही प्रत्येक संगणकापुढे आहे. तारेतून जातात ते विजेचे चढउतार, म्हणजे एक आणि शून्य. शून्यामागून शून्येच आली तर तारेवर काहीच हालचाल दिसत नाही. मग ती तीन होती की चार, हे पलीकडच्याने ओळखायचे कसे? वेळ मोजूनच. आणि दोन ठिकाणची दोन घड्याळे कधी तंतोतंत जुळत नाहीत!

टेलिप्रिंटरवर माणूस टाइप करी, मध्येच थबके. म्हणून प्रत्येक अक्षराआधी 'सुरू'ची आणि नंतर 'थांबा'ची खूण जाई. 'सुरू' दिसताच पलीकडचे यंत्र नव्याने वेळ मोजू लागे. हीच असिंक्रोनस, म्हणजे असमकालिक पद्धत. संगणकाच्या सीरियल पोर्टवर साधारणपणे आठ बिटांच्या मागेपुढे अशी एकेक खूण असते. घड्याळांनी दहा बिटांपुरते जुळावे, एवढेच पुरते. वेगात शेकडा दोन-तीनचा फरकही खपतो. मात्र दहांतले दोन बिट खुणांतच जातात. सेकंदाला ९६०० बिट पाठवले, तर अक्षरे पोहोचतात ९६०.

सिंक्रोनस, म्हणजे समकालिक पद्धत मला लेझमीसारखी वाटते. ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाऊल एकदम पडते. इथे शेकडो-हजारो बिटांचा गठ्ठा सलग जातो. अक्षरागणिक खुणा नाहीत. घड्याळाचा ठेका वेगळ्या तारेने पाठवतात, किंवा माहितीतच मिसळतात. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जुन्या इथरनेटमध्ये प्रत्येक बिटाच्या मध्यावर सिग्नल बदलतोच. त्यावरून घेणारा आपले घड्याळ सतत जुळवत राहतो.

पण ठेका चुकला, तर एखाद्या अक्षरावर निभावत नाही. सगळा गठ्ठा बिघडतो. म्हणून गठ्ठ्याच्या शेवटी पडताळणीची संख्या जोडतात. ती जुळली नाही तर गठ्ठा टाकून द्यायचा आणि, माहिती हवीच असेल तर, पुन्हा मागवायचा.

यांतली चांगली कोणती, असे मला विचारले जाते. मी उलट विचारतो, तुमची माहिती येते कशी? थेंबाथेंबाने, की लोंढ्याने? जागा सांगणारे जीपीएसचे छोटे यंत्र आजही बहुधा 'सुरू-थांबा'च्याच भाषेत बोलते. त्याला सेकंदाला चार-दोन ओळी सांगायच्या असतात. साधी, स्वस्त जोडणी त्याला पुरते. शहराशहरांतले संभाषण एकत्र वाहून नेणाऱ्या प्रकाशतंतूला मात्र दहातले दोन बिट वाया घालवणे परवडत नाही. तिथे ठेका सांभाळण्याचा खर्च करावाच लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)