पहिल्या ओळीचा लिलाव

पुण्यात घर बदलायचं म्हणून मोबाईलवर 'पॅकर्स अँड मूव्हर्स' शोधलं, की वरच्या दोन-चार नोंदींवर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं दिसतं. या जागा कुणी महिन्याच्या भाड्यानं घेतलेल्या नसतात. आपण शोध घेतला त्या क्षणी त्यांचा लिलाव झालेला असतो, आणि आपण बोट टेकवलं तरच जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे जातात. ही क्लृप्ती गूगलची, असं आपण धरून चालतो. पैसा गूगलनं कमावला हे खरं, पण दुकान आधी दुसऱ्यानंच थाटलं होतं.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे बिल ग्रॉस यांची आयडियालॅब होती. नव्या कंपन्या जन्माला घालणं हाच तिचा धंदा. फेब्रुवारी 1998 मध्ये टेड परिषदेत ग्रॉस यांनी 'गोटू डॉट कॉम' लोकांसमोर आणलं. त्या काळी शोधयंत्रांची दैना होती. पानावर पांढऱ्या रंगावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचा. माणसाला काही दिसत नसे, यंत्राला दिसे, आणि पान वर चढे. शोधावी मोटार आणि पोचावं भलतीकडेच, असा प्रकार. ग्रॉस यांचा उपाय सरळ होता. वर यायचंय? पैसे मोजा. पदरचे पैसे जायला लागले की ज्याच्याकडे विकायला खरोखर काही आहे तोच बोली लावेल. बोली एका सेंटपासून सुरू होई, आणि जाहिरातदार किती मोजतोय तो आकडा प्रत्येक नोंदीखाली उघड छापलेला असे. सुरुवातीला गिऱ्हाईक दुसऱ्या साइटवरून जास्त पैसे देऊन आणायचं आणि एका सेंटला पुढे विकायचं, असा उघड तोट्याचा व्यवहार चालला होता.

अनेकांनी नाकं मुरडली. शोधाचे निकाल विकतात म्हणजे काय! त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शोधनिबंधात लिहिलं की, जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच. हेच दोघे गूगलचे संस्थापक. मला विचाराल तर गोटूचा व्यवहार पुष्कळांपेक्षा सरळ होता. भाव चारचौघांत लिहिलेला होता. इतर काही शोधयंत्रं पैसे घेऊन जागा देत आणि वाचकाला पत्ता लागू देत नसत. शेवटी 2002 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला शोधयंत्रांना पत्र लिहून सांगावं लागलं की, विकत घेतलेली नोंद तशी ठळकपणे दाखवा.

मध्ये एक गमतीदार भांडण झालं. डिस्नेनं आपल्या 'गो' या पोर्टलसाठी पिवळ्या चौकोनात हिरवं वर्तुळ आणि त्यात पांढरी अक्षरं असं बोधचिन्ह काढलं. गोटूचं जवळजवळ तसंच होतं, आणि आधीचं होतं. 1999 मध्ये गोटू कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी डिस्नेनं 2 कोटी 15 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. एवढ्याशा कंपनीनं मिकी माऊसला नमवलं खरं, पण खरा प्रतिस्पर्धी कोण हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आपल्या साइटवर माणसं खेचून आणणं महाग पडतंय हे लक्षात आल्यावर गोटूनं डाव बदलला. आपली यादी मोठ्या पोर्टलना द्यायची आणि क्लिकमागचं उत्पन्न वाटून घ्यायचं. 2000 मध्ये एओएल आली, मग मायक्रोसॉफ्टचं एमएसएन, याहू. ऑक्टोबर 2001 मध्ये कंपनीनं 'ओव्हर्चर' हे नाव घेतलं. नफा होऊ लागला, तोही डॉट कॉमचा फुगा फुटून भलेभले आडवे झाले असताना. पण माल तिचा आणि दार दुसऱ्याचं. स्वतःचं दार उघडावं तर भागीदार रुसणार!

गूगलनं ऑक्टोबर 2000 मध्ये 'अ‍ॅडवर्ड्स' काढलं तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे आकारले जात. फेब्रुवारी 2002 मध्ये तिनंही क्लिकमागे बोलीची पद्धत उचलली, पण दोन बदल करून. ओव्हर्चरकडे जो जास्त बोलेल तो वर, आणि बोलला तेवढे त्यानं द्यायचे. बाजार समितीत सौदा एकदा तुटला की तुटला. इथला लिलाव चोवीस तास चालू. दोन व्यापारी सेंट-सेंट चढवत भाव वर नेत. एकाला परवडेना झालं की तो एकदम तळाला येई, मग दुसराही त्याच्या जेमतेम वर येऊन थांबे, आणि पुन्हा चढाओढ सुरू. हे काम करायला लोकांनी संगणकच बसवले होते. गूगलनं ठरवलं की, जिंकणाऱ्यानं आपली पूर्ण बोली द्यायची नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरतंच द्यायचं. तेव्हा सारखी बोली बदलत बसण्यात फारसा अर्थ उरला नाही.

दुसरा बदल जास्त हुशारीचा. समजा, एकाची बोली 1 डॉलर आहे, पण त्याची जाहिरात पाहणाऱ्या शंभरांतला एकच ती दाबतो. दुसऱ्याची बोली 40 सेंट, पण दाबतात पाच जण. पहिल्याकडून शंभर वेळा दाखवून 1 डॉलर मिळतो, दुसऱ्याकडून 2. गूगल दुसऱ्याला वर ठेवू लागली. वाचकाला उपयोगी जाहिरात आणि कंपनीला जास्त गल्ला, दोन्ही एकाच गुणाकारात.

एप्रिल 2002 मध्ये ओव्हर्चरनं पेटंट मोडल्याबद्दल गूगलवर दावा लावला. लगेच 1 मे रोजी एओएलनं ओव्हर्चरची यादी सोडून गूगलची घेत असल्याचं जाहीर केलं. एओएलचे सभासद तेव्हा 3 कोटी 40 लाखांच्या घरात. ते मिळवण्यासाठी गूगलनं किमान रकमेची हमी दिली, वर आपले शेअर घेण्याचा हक्कही. तेव्हाच्या गूगलसाठी हा जुगारच होता.

याहूची गोष्ट आणखी निराळी. जून 2000 पासून तिच्या पानावर शोधाचे निकाल गूगलच पुरवत होती. ज्याला ओसरी दिली त्यानं केव्हाच पाय पसरले होते. जाग आल्यावर याहूनं आधी इंक्टोमी हे शोधयंत्र घेतलं आणि जुलै 2003 मध्ये 1.63 अब्ज डॉलरना ओव्हर्चर विकत घ्यायचं ठरवलं. त्याबरोबर पेटंटचा दावाही तिच्याकडे आला. ऑगस्ट 2004 मध्ये शेअर बाजारात उतरण्याच्या दहा दिवस आधी गूगलनं याहूला 27 लाख शेअर देऊन तो मिटवला आणि पद्धत वापरण्याचा कायमचा परवाना घेतला. शेअर 85 डॉलरना विक्रीला आला, म्हणजे सौदा सुमारे 23 कोटी डॉलरचा. साऱ्या धंद्याच्या मुळाशी असलेल्या कल्पनेची ही किंमत मला फारच कमी वाटते.

याहूकडे आता कल्पनाही होती आणि दारही. तरी तिथे फक्त बोलीवरच क्रम लावणं फेब्रुवारी 2007 पर्यंत चाललं. क्लिकचा हिशेब धरणारी 'पनामा' यंत्रणा आली तेव्हा गूगलला तो बदल करून पाच वर्षं झाली होती. जून 2008 मध्ये याहूनं आपल्या पानांवर गूगलच्याच जाहिराती दाखवण्याचा करार केला. अमेरिकेच्या न्याय खात्यानं स्पर्धा मारली जाईल म्हणून खटल्याचा इशारा दिला, आणि नोव्हेंबरमध्ये गूगल त्यातून बाहेर पडली.