खिडक्या नसलेल्या इमारती

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असं जाताना एकेकाळी रसायनांचा वास यायचा. आता त्याच एमआयडीसीत जुन्या कारखान्यांना खेटून उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. फाटकावर कडक पहारा, आवारात डिझेल जनरेटरची रांग. ही डेटा सेंटरं. देशातल्या क्लाउडचा बराच मोठा भाग याच पट्ट्यात आहे.

क्लाउड म्हणजे भाड्याचा संगणक. ॲमेझॉनने २००६ साली हा धंदा सुरू केला, तेव्हा छोट्या आभासी संगणकाचं भाडं तासाला १० सेंट होतं. एका दणकट सर्व्हरचे सॉफ्टवेअरने भाग पाडायचे आणि वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना द्यायचे. शेजारी कोण, हे कुणालाच कळत नाही. दिवाळीच्या सेलसाठी ऑनलाइन दुकानाने जादा सर्व्हर घ्यावेत, भाऊबीज झाली की सोडून द्यावेत. विकत घेतले असते, तर वर्षभर धूळ खात पडले असते.

मग काम नेमकं होतं कुठे? चेहरा पाहून फोनचं कुलूप उघडतं, ते फोनमध्येच. नकाशावर रस्ता शोधला, तर प्रश्न बहुतेक वेळा सर्व्हरकडे जातो. हा सर्व्हर कोणत्या शहरात असावा हे भाडेकरू कंपनी ठरवते, यादीतून ‘रीजन’ निवडून. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत रीजन उघडले. पाठोपाठ २०१६ मध्ये ॲमेझॉन आणि २०१७ मध्ये गूगल मुंबईत आले. त्याआधी इथल्या बऱ्याच कंपन्यांचं काम सिंगापूरला चालायचं. अंतराची किंमत इथे वेळेत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला जाऊन परत यायला १२५ मिलिसेकंदांहून अधिक लागतातच. कितीही पैसे ओता, तो वेळ त्याखाली जात नाही.

नवी मुंबईतला हाच पट्टा का? समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअरबाजार हाकेच्या अंतरावर आहेत, एमआयडीसीत जागा आणि वीज मिळते. त्यात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवायचा आदेश दिला.

खरी कसोटी विजेची. सर्व्हर जेवढी वीज खातो, जवळपास तेवढी उष्णता ओकतो. स्वीडनमधल्या लुलिओत फेसबुक बाहेरची थंड हवा आत घेऊन सर्व्हर निववतं. मे महिन्यातल्या ऐरोलीत ती चैन नाही. शिवाय वीज कधी जातेही: १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोसळून मुंबईच्या लोकल थांबल्या. अशा वेळी पहिली काही मिनिटं बॅटऱ्या तोलून धरतात, तोवर जनरेटर सुरू होतात.

आगीपुढे मात्र बॅटरी काय करणार? १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून गेलं. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली. ॲमेझॉनने २०२२ मध्ये हैदराबादला दुसरा भारतीय रीजन उघडला, त्यामुळे देशाबाहेर न जाता लांबच्या शहरात प्रत ठेवता येते. ती आपोआप मात्र होत नाही. मागावी लागते, आणि तिचं भाडं वेगळं.