प्रवासातील सॅलड आणि वजन कमी करणारा रुग्ण

पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले, की उजनी जलाशयाच्या परिसरात डाळज लागते. या पट्ट्यात ढाबे व उपाहारगृहे भरपूर असल्याने गाड्या थांबतात आणि वजन कमी करण्याचा निश्चय केलेल्या प्रवाशाची येथेच कसोटी लागते. आहारसल्ल्यासाठी येणारे अनेक रुग्ण मोठ्या समाधानाने सांगतात, “प्रवासात आम्ही वाट्टेल ते खात नाही, नुसते सॅलड घेतो.” हे समाधान बहुधा अर्धेच खरे असते.

काकडी, टोमॅटो, कोबी, मुळा या भाज्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५ ते २५ उष्मांक असतात. गाजर व बीट यांत ४० च्या आसपास. म्हणजे सॅलडमधील भाजी निरुपद्रवीच. प्रश्न आहे तो तिच्यावर काय ओतले आहे याचा. पारंपरिक मेयोनीजचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग तेल असतो आणि त्याच्या एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० उष्मांक असतात. वाटीभर कोबीत असे तीन चमचे कालवले, की पोटात ३०० हून अधिक उष्मांक जातात. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे २०० उष्मांक असतात. भाकरी टाळून ही वाटी घेणारा गृहस्थ प्रत्यक्षात दीड भाकरीचे खातो. भूक मात्र तशीच राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २००० उष्मांकांच्या आहारात दिवसभराचे तेल-तूप २७ ग्रॅम असावे. वरील एका वाटीतच तीसेक ग्रॅम तेल असते. तळलेले पनीर, किसलेले चीज, वरून पेरलेली शेव यांचा हिशेब आणखी वेगळा.

एवढ्या-तेवढ्या चमच्यांनी काय होते, असे कोणी विचारील. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छायाचित्रासह प्रसिद्ध केली होती. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडील माणूस दिसायला सडपातळ असला तरी आत चरबी बाळगून असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ झाला तरी वजन जादा मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात.

मग मागवावे काय? साधे ‘ग्रीन सॅलड’ आणि लिंबू. सॅलडवर घालावयाचे मिश्रण वेगळ्या वाटीत आणण्यास सांगावे. ते एक चमचाभरच घ्यावे. त्याहून उत्तम म्हणजे आपली खमंग काकडी. दाण्याचा कूट चमचाभर आणि फोडणीला छोटा चमचा तेल धरले, तरी मोठ्या वाटीचे उष्मांक सव्वाशेच्या आसपास राहतात. परदेशी नावाच्या मोहाने आपण घरची कोशिंबीर विसरलो, हे मात्र नवलच. केवळ कच्च्या भाज्यांनी तासाभरात पुन्हा भूक लागते; म्हणून सोबत मोड आलेली व वाफवलेली मटकी, एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर साधे दही घ्यावे. चाट मसाला बेताने, कारण दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावयाचे असते.

मधुमेही रुग्णांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेऊन ज्यांनी जेवणाऐवजी फक्त काकडी-टोमॅटो खाल्ले, त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे होत. गाडी चालविणाऱ्याला ती जाणवली तर त्याने गाडी तत्काळ बाजूला घ्यावी, तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच साखर घ्यावी, आणि बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊन, पूर्ण सावरल्यावरच पुढे निघावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा रुग्णांनी सॅलड हे एका भाकरीसोबत खावे, तिच्याऐवजी नव्हे. आहार कमी करण्यापूर्वी औषधांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

राहिला स्वच्छतेचा प्रश्न. कच्ची भाजी शिजत नसल्याने ती धुण्याचे पाणी व चिरणाऱ्याचे हात हेच तिचे संरक्षण. विषमज्वर, कावीळ, जुलाब यांचे जंतू अशा वाटेने सहज येतात. सकाळी चिरून उघड्यावर ठेवलेले काप घेऊ नयेत. पावसाळ्यात पालेभाजीचे कच्चे पान टाळावे. गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी वाफवलेली भाजीच मागवावी. शंका वाटल्यास अख्खी काकडी मागवून पिण्याच्या पाण्याने धुवावी व आपल्यासमोर सोलून घ्यावी. घरून निघताना डब्यात दोन काकड्या आणि एक लिंबू टाकले, तर तेवढेही मागावे लागत नाही.