ब्लॅकलाइट रूम करताय? आधी अंधार करा!

फेस्टचा सीझन आला की डेकोर टीमच्या ग्रुपवर एक आयडिया हमखास पडते, 'यंदा ब्लॅकलाइट रूम करू या!' मग कुणीतरी पुण्यात तपकीर गल्ली नाहीतर मुंबईत लोहार चाळ गाठतं, यूव्ही एलईडी स्ट्रिपचे रोल आणतं आणि लावल्यावर खोली दिसते नुसती जांभळी! चमकत काहीच नाही. असं का होतं?

आकडा बघून घ्या
स्वस्तातली स्ट्रिप साधारण 395 ते 405 नॅनोमीटरची असते. तिच्यात डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाशही बराच असतो आणि तोच सगळ्यावर पसरतो. 365 ची स्ट्रिप महाग, पण तिचा प्रकाश जवळपास दिसत नाही, त्यामुळे रंग उठून दिसतात. बजेट कमी असेल तर 395 सुद्धा चालते. अट एकच, बाकी खोली काळीकुट्ट हवी. खिडक्या, दाराच्या फटी सगळं काळ्या कापडाने बंद करा.

चमकतं काय?
फ्लुरोसंट रंग, हायलायटरची शाई आणि पांढरे शर्टसुद्धा. डिटर्जंटमधली उजळवणारी रसायनं (आजीच्या काळातला टिनोपाल आठवा!) यूव्ही शोषून निळसर प्रकाश देतात. क्विनीनमुळे टॉनिक वॉटर निळं दिसतं. पण पांढरा चार्ट पेपरही उजळतो, म्हणून बॅकग्राउंडला काळाच कागद लावा.

थोडं गणित
समजा, स्ट्रिप 12 व्होल्टची आणि मीटरला 14.4 वॅट घेणारी आहे. 5 मीटरच्या रोलला 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर लागतात. अडॅप्टर मात्र 8 अँपिअरचा घ्या, तो फुल लोडवर तापायला नको. एका रोलच्या शेपटीला दुसरा जोडू नका, टोकाचे दिवे मंद होतात. प्रत्येक रोलला वेगळी वायर द्या. स्ट्रिप कापायची तर कात्रीची खूण असेल तिथेच. ती अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवली की उष्णता निघून जाते. अडॅप्टर कापडापासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. आणि स्ट्रिप छताला नको, रंगवलेल्या भिंतीच्या जवळ लावा. लांबून टाकलेला प्रकाश वायाच जातो.

डोळ्यांशी खेळ नको
हा भाग मात्र गमतीचा नाही. 2023 मध्ये हाँगकाँगला 'एपफेस्ट' नावाचा इव्हेंट झाला. त्यानंतर अनेकांचे डोळे दुखायला लागले. एका कोपऱ्यात लावलेले यूव्ही-ए दिवे हे त्याचं संभाव्य कारण असल्याचं आयोजकांनीच नंतर सांगितलं. अंधारात बाहुल्या मोठ्या होतात आणि यूव्ही दिसत नसल्याने आपण डोळे मिटतही नाही. म्हणून स्ट्रिपचं तोंड कायम भिंतीकडे ठेवा आणि पुढे पुठ्ठ्याची आडपट्टी लावा. येणाऱ्याला चमकणारी भिंत दिसावी, दिवा नाही. प्रत्येक बॅचला काही मिनिटंच आत सोडा. दारावर दिवसभर उभं राहणाऱ्या व्हॉलंटिअर्सच्या ड्युट्या बदलत राहा आणि त्यांना यूव्ही अडवणारे चष्मे द्या. जंतुनाशक यूव्ही-सी ट्यूब 'तीही यूव्हीच ना' म्हणून कुणी आणली, तर तिला गेटवरूनच परत पाठवा.

सगळे रोल एकदम घेऊ नका. आधी एकच आणा, रात्री रिकाम्या वर्गात रंगवलेल्या कागदाचा तुकडा धरून बघा. चमकला, तर मग पुढची ऑर्डर!