वाऱ्याचा सातबारा कोणाच्या नावे?



आपल्या कारखान्याची साखर मुंबईच्या बाजारात जाते ती कसारा घाट उतरून. घाट संपला की शहापूर तालुक्यात, महामार्ग आणि रेल्वेच्या सोबतीने, खर्डी लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी हे स्टेशन गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. तिथे उसाची शेती नाही. भात, नाचणी आणि वरई हेच पीक. मग उसाच्या पत्रिकेत खर्डीचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. हल्ली आपल्या कार्यक्षेत्रातल्या माळरानांवर पवनचक्कीसाठी जमीन मागणारे लोक फिरू लागले आहेत. गट कार्यालयात सभासद आम्हांस विचारतात, "साहेब, द्यावी का नको?" याचे उत्तर शोधताना आम्हांला खर्डी-मुरबाडच्या वाटेचा इतिहास फार उपयोगी पडला.

वाऱ्याची शक्ती आपणास नवी नाही. मळणीयंत्र येण्यापूर्वी तिवईवर उभे राहून धान्य उपणायचे, ते वाऱ्याच्याच भरवशावर. वारं पडलं की सगळं खळं हात बांधून बसायचं. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे त्या वेळी वाऱ्याला हाका मारीत. त्या वाऱ्याला भाडे नव्हते आणि मालकही नव्हता. रास तयार झाली की बलुतेदारांचे वाटे तिथेच, खळ्यावर, पडत. ती पद्धत फार न्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. कोणाच्या पदरात सूपभर आणि कोणाच्या पदरात ओंजळभर हे जातीवर ठरे. पण वाटा कोठे पडतो आणि किती पडतो, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट आपण ऐकून आहात. पावसाळ्यात तिथे कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता वाऱ्याच्या झोताने पुन्हा वर उडते. हौशी मंडळी ते पाहायला गर्दी करतात. आम्हांला त्याहून मोठे नवल वाटते ते घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाचे. हा रांजण जकातीचा, असे परंपरेने सांगतात. शेजारच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हा घाट चालू होता तो कशाच्या जोरावर? पुन्हा वाऱ्याच्याच. इजिप्तकडील जहाजे उन्हाळा सरता सरता निघत, नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर आपला किनारा गाठीत आणि थंडीत वारा फिरला की परत जात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचे नाव आले आहे. समुद्रावर माल वाऱ्याने येई. कल्याणहून मुरबाडमार्गे तो बैलांच्या पाठीवर घाट चढे. वारा फुकट होता, पण घाटाच्या तोंडाशी रांजण ठेवणारा त्यावर जकात घेई. शिडे फिरवणाऱ्या खलाशाला आणि बैल हाकणाऱ्याला काय मिळाले, ते लेखात नाही.

मग कोळसा आला. १८५३ साली मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणला पोचली, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला. रेल्वेने थळ घाट धरला तशी घाटावरची मोठी वाहतूक शहापूर-खर्डीच्या अंगाला वळली आणि नाणेघाट पाखरांना राहिला. शक्ती बदलली की वाट बदलते, बाजार बदलतो, गावांची नशिबे बदलतात. १९३० साली या घाटात विजेची इंजिने आली. खर्डीच्या रुळावरून इतके सगळे गेले, तरी रुळाच्या कडेच्या पाड्यांचे जीवन त्या मानाने किती बदलले, हा प्रश्न राहतोच.

पाण्याचेही तेच. तानसा धरण १८९२ चे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. मुंबईची तहान भागते ती मुख्यतः याच डोंगरांतल्या पाण्यावर, आणि शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. खर्डीजवळ एका भातशेतकऱ्याशी बोलणे झाले. पवनचक्क्यांचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "आमचं पानी नळातनं गेलं, ते दिसलं तरी. वारा गेला तर दिसनार बी नाय." आम्ही त्यावर काही बोललो नाही.

आता पवनचक्कीकडे वळू. आपल्या देशात १९८६ साली किनाऱ्यावर, त्यात कोकणातही, ५५ किलोवॅटची प्रात्यक्षिक यंत्रे उभी राहिली. पुढे दहा-पंधरा वर्षांत सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारे पात्यांनी भरून गेली. नंतर धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल. पठारच का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. खर्डीसारख्या दरीतल्या गावात डोंगर आणि झाडी वारा तोडतात; उघड्या पठारावर तो सलग येतो. म्हणून जो कातळ आपण 'पडीक' म्हणून सोडून दिला, तोच सर्वांत मोलाचा ठरतो. हे शेतकऱ्याला उशिरा कळते, दलालाला आधी. त्या काळी गुंतवणूकदाराला यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा धरण्याची आयकर सवलत होती. त्यामुळे पुष्कळ यंत्रे विजेइतकीच करबचतीसाठी लागली. माळाचा मालक मात्र एकदाच पैसे घेऊन बाजूला झाला.

नुकसान नुसते पैशाचे नाही. भीमाशंकरच्या परिसरात डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांसाठी जे रस्ते कापले, त्यांवर २०११ साली माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने कडक टीका केली. तीव्र उताराला रस्ता कापला की माती-मुरूम खालच्या शेतात येतो. यंत्राला धूर नाही हे खरे. रस्त्याला माती आहे.

तर मग पवनचक्की नकोच का? आमचे मत तसे नाही. हिशेबच पाहा. २ मेगावॅटचे एक यंत्र वर्षभरात क्षमतेच्या २० टक्के चालले असे धरले, तरी सुमारे ३५ लाख युनिट वीज देते. शिवाय आपल्याकडे वाऱ्याचा जोर जून ते सप्टेंबर, आणि साखर कारखान्यांचे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे बगॅसवरची सहवीज जेव्हा बंद, तेव्हा वाऱ्याची वीज जोरात. दोन्ही एकाच उपकेंद्राला जोडता आली तर तारा रिकाम्या राहणार नाहीत. बैलजोडीत एक दमला की दुसऱ्याने ओढावे, तसे हे आहे.

प्रश्न मालकीचा आहे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊस विकणाऱ्याला कारखान्याचा मालक केले. तिकडे डेन्मार्कात कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील दहा साडेआठ हजारांहून अधिक भागधारकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. कोणाचा एक शेअर, कोणाचे पाच. आपल्या माणसाला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. शेअर म्हणजे काय आणि वार्षिक सभेत उठून प्रश्न कसा विचारायचा, हे तो जाणतो. नुसता पैसा आणि तंत्र आपल्या आवाक्यातले नाही, असे म्हणतात. साखर कारखान्याबद्दलही पूर्वी असेच म्हणत.

सामुदायिक प्रकल्प लगेच उभा राहील असे आश्वासन आम्ही देत नाही. तो संचालक मंडळाचा आणि सर्वसाधारण सभेचा विषय आहे. पण तोवर ज्यांच्याकडे जमीन मागायला माणसे आली असतील, त्यांनी खरेदीखतापेक्षा भाडेकराराचा आग्रह धरावा. भाडे दर काही वर्षांनी वाढेल का, विजेच्या उत्पन्नावर टक्केवारी मिळेल का, रस्त्यात गेलेली जमीन कोणाच्या हिशेबात, यंत्र मोडीत निघाल्यावर काँक्रीटचा पाया कोण उखडणार आणि मधल्या जागेत गुरे चारता येतील का, हे सगळे लेखी घ्यावे. तोंडी बोलण्यावर विसंबू नये. कराराचा मसुदा आणि चालू सातबारा घेऊन सभासदांनी सही-अंगठ्याआधी आपल्या गट कार्यालयात यावे. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी दोननंतर आम्ही तिथे असतो. मसुदा इंग्रजीत असेल तर वाचून मराठीत सांगू.