मांजराचे पाणी आणि विजेवाचूनचे कारंजे

सिडकोने वसविलेल्या करंजाडे येथे, जेथे उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची तक्रार आणि टँकरची तजवीज या नित्याच्या बाबी होऊन बसल्या आहेत, तेथील एखाद्या कुटुंबाने आपल्या मांजरासाठी विजेवाचून चालणारे कारंजे घेण्याचे योजिले, तर खरेदीपूर्वी काही रूढ समजांचा खुलासा होणे अगत्याचे आहे.

उलटी बाटली बसविलेले भांडे हेच असे कारंजे, हा त्यांतील सर्वांत फसवा समज. त्या बाटलीतील पाणी हवेच्या दाबाने तोलून धरलेले असते. थाळीतील पातळी उतरून बाटलीच्या मुखातून हवा आत शिरली, की तेवढेच पाणी खाली येते आणि पुन्हा थांबते. तो साठा आहे, प्रवाह नव्हे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने ओळखले जाणारे कारंजे विजेविना खरोखर उडते, परंतु वरचे पाणी खालच्या पात्रात उतरले की तेही शमते. सबब, दीर्घकाळ वाहते पाणी हवे असेल तर ते उंचावर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. शिवालयातील अभिषेकपात्र हेच करीत आले आहे. मिनिटास २० थेंब पडले तर साधारण १ मिलिलिटर, म्हणजे दिवसाकाठी सुमारे दीड लिटर पाणी खाली येते. थाळीबाहेर ओसंडणारे पाणी तुळशीला घालण्याचा बंदोबस्त असल्यास टंचाईतही हा खर्च जाचक होऊ नये.

वाहते पाणी दिसले की प्रत्येक मांजर अधिक पिते, असेही मानले जाते. प्रयोगांचे निष्कर्ष याबाबत एकमुखी नाहीत. आवड मांजरागणिक भिन्न असते. रुक्ष प्रदेशातील रानमांजरांचा वंशज असलेला हा प्राणी पाण्याचा मोठा अंश भक्ष्यातूनच मिळवीत आला. म्हणून ओल्या अन्नातील सुमारे ७५ टक्के पाणी आणि कोरड्या दाण्यांतील जेमतेम १० टक्के, हा फरक माझ्या मते कोणत्याही कारंज्याहून मोलाचा आहे. पाण्याऐवजी दूध देणे मात्र योग्य नव्हे, कारण बहुतेक प्रौढ मांजरांना त्यातील शर्करा पचत नाही.

माठाचे पाणी गार राहते, हे खरे. ते आपोआप निर्मळ राहते, हे खरे नव्हे. सच्छिद्र मातीत बुळबुळीत थर धरतो व घासूनही पुरता निघत नाही, म्हणून स्टीलचे किंवा चकचकीत लेपाचे चिनीमातीचे रुंद भांडे पसंत करावे. पावसाळ्यात भांड्याच्या स्वच्छतेत कसूर करू नये: डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेशीच अंडी चिकटवितो, यास्तव पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून बाटलीसह सर्व भाग घासून वाळवावे.

आणि बोका वारंवार बसूनही त्याला लघवी होत नसेल, तर भांडे बदलून पाहण्यात वेळ न दवडता त्यास तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांतच प्राणावर बेतते.